ट्यूबवरची लाल रेघ

"काय वो वहिनी, पोरीला बघायला जिंतूरचे पाहुणे येणार होते ना?"

"पुढं ढकललं माय. पोरगी खोलीबाहेर येईना. हनुवटीवर राठ केस आलेत. दर आठवड्याला पार्लरात दोरा फिरवून घेती, तरी चार दिवसांत खुंट हाताला लागतेत."

काकू जिल्हा रुग्णालयातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. भिंतीवर वाळत घातलेली चादर त्यांनी बाजूला सारली. "पाळी?"

"दोन-दोन महिने नाही. वजन बी वाढायलंय."

"मग पार्लरात काय शोधायलाव? पीसीओडी असंल. बाईच्या अंगात पुरुषी हार्मोन थोडं असतंयच, ते वाढलं की असं होतंय. टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड, साखर तपासा, सोनोग्राफी करा. पाळीच्या गोळ्या देतील. त्या गर्भनिरोधकच असतेत, नाव वाचून घरात कालवा करू नका. फरक दिसायला सहा महिने लागतेत. स्पायरोनोलॅक्टोनची गोळी दिली, तर त्या काळात दिवस राहायला नको. लग्न ठरलं की डॉक्टरला आधी सांगायचं."

"आणि लेझर? टीव्हीवर तर लै सांगतेत."

"लेझर काळ्या केसाचा रंग धरून मुळाला भाजतो. सावळ्या कातडीला मशीन जपून निवडावं लागतंय, नवशिक्याच्या हाती गेलं तर चट्टे पडतेत. महिन्या-दीड महिन्यानं बऱ्याच खेपा, पैसा बी तेवढाच. आणि हार्मोन आटोक्यात नसलं तर परत उगवतेत. माझ्या हनुवटीवरच्या ह्या दोन पांढऱ्यांना तर त्याचा काही उपयोग नाही. त्याला विजेची सुई लागती. अमेरिकेत 1875 मध्ये एका डोळ्याच्या डॉक्टरनं आत वळलेल्या पापण्यांसाठी काढलेली. मी चिमटाच वापरते."

"वस्तरा फिरवला तर दाट येतेत म्हणे?"

"काही नाही येत. कापलेलं टोक बोथट लागतंय, म्हणून तसं वाटतंय. बरं, पोरगी तोंडाला काय लावती?"

वहिनी आत जाऊन अर्धी संपलेली ट्यूब घेऊन आल्या. "गोरं व्हायची. मेडिकलवाल्यानंच दिली."

काकूंनी चष्मा चढवला. बारीक अक्षरात क्लोबेटासॉल आणि कडेला उभी लाल रेघ.

"अवो, हे स्टेरॉइड हाय! लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. 2018 मध्ये सरकारनं असली 14 मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी पावडर-टिकलीसारखी विकायलेत. आधी चेहरा उजळतो, मग लाल होतो, पुटकुळ्या येतेत आणि केस बी वाढतेत."

"आजच फेकते!"

"थांबा. एकदम बंद केलं तर आग उसळती. कातडीच्या डॉक्टरला दाखवून सोडवा. आणि आवाज घोगरा झाला, नाही तर केस झपाट्यानं वाढले, तर एक दिवस थांबू नका, गाठ नाही ना ते बघावं लागतंय. उद्या सकाळीच ओपीडीला जा. ही ट्यूब पिशवीत घाला, पाळीच्या तारखा कागदावर लिहून घ्या. डॉक्टर आधी तेच विचारतील."