उंदीरमामाशी व्यवहार

मुलाच्या आयुष्यातल्या मोठ्या घटनांचा आपल्याकडे भारी थाट. बारशाला पाळणा सजतो, उष्टावणाला चांदीची वाटी कपाटातून बाहेर येते, आणि संक्रांत झाली की रथसप्तमीच्या आत बोरन्हाण उरकायची घाई सुरू होते. काळ्या झबल्यात, हलव्याच्या दागिन्यांत बसवलेलं ते मूल डोक्यावरून ओघळणाऱ्या बोरांकडे आणि चुरमुऱ्यांकडे बघत असतं. आता रडावं की समोरचं बोर उचलावं, हे त्याचं ठरत नाही. या सगळ्या सोहळ्यांत एक गोष्ट सारखी असते. तारीख मोठी माणसं ठरवतात, सवड मोठ्यांची असते आणि फोटोही मोठ्यांनाच हवे असतात. दात मात्र पंचांग बघत नाही. तो एखाद्या बिनमहत्त्वाच्या मंगळवारी, मऊ भात भरवताना, चमच्यावर ‘टक्’ असा आवाज करून आपण आल्याचं कळवतो. भरवणारी व्यक्ती थबकते, पुन्हा चमचा लावून बघते, पुन्हा ‘टक्’ होतं, आणि मग घरातली सगळी माणसं आपापली कामं टाकून एका इवल्याशा हिरडीपुढे वाकून उभी राहतात. मुंबईच्या धक्क्यावर पूर्वी परदेशी जहाज लागताना लोक असेच उभे राहत असतील.

खरं तर ते जहाज कधीचंच निघालेलं असतं. बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्या बोळक्या हिरड्यांखाली दुधाच्या वीसही दातांची घडण सुरू झालेली असते, आणि इतकंच नव्हे, तर पुढे सहाव्या वर्षी उगवायच्या पक्क्या दाढेचाही आरंभ झालेला असतो. म्हणजे आपण ज्याला ‘दात नाहीत हो अजून’ म्हणून कौतुकाने दाखवतो, तो प्राणी दातांच्या दोन पिढ्या पोटात घेऊन निवांत हसत असतो. साधारण सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दोन डोकावतात आणि अडीच-तीन वर्षांत सगळे वीस जागेवर येतात. क्रम चुकला आणि वरचे आधी आले, तर ते मामाला जड, असं आमच्याकडच्या बायका म्हणत. भाच्याच्या हिरडीचा आणि मामाच्या नशिबाचा काय संबंध, हे मला कुणी समजावू शकलं नाही. पण पाहावं तर मुलांच्या जगातली सगळी अवघड कामं मामाच्याच गळ्यात असतात. जावळ काढताना मांडी मामाची, कान टोचताना मांडी मामाची, रात्री दूधभात खाऊ घालायला आकाशातून बोलवायचा तोही मामा. आणि सहा वर्षांनी तेच दात पडायला लागले, की ते घेऊन नवे देण्याची जबाबदारी उंदीरमामावर.

त्या सहा वर्षांचं काय होतं, ते कुणालाच सांगता येत नाही. माझ्या लेकीने एक दिवस शाळेतून येताना रिक्षात मला गंभीरपणे सांगितलं, ‘बाबा, माझा एक दात पक्का राहिलेला नाही.’ तोंड उघडून तिने खालच्या एका दाताला जिभेनं ढकललं. तो नम्रपणे पुढे झुकला आणि पुन्हा जागेवर आला. त्यानंतर आमच्या घराला दुसरा विषय राहिला नाही. तिची जीभ सारखी तिथेच. गृहपाठ करताना तिथे, टीव्ही बघताना तिथे, आणि ‘काय झालं, का गप्प आहेस?’ असं विचारलं तरी तिथेच. इमारतीतली माणसं लिफ्टमध्ये तिच्या तब्येतीऐवजी त्या दाताची चौकशी करू लागली. ज्याला त्याला सल्ला द्यायचा होता. कुणी म्हणे पेरू खायला द्या, कुणी म्हणे दोरा बांधून दाराच्या कडीला अडकवा आणि दार लावा. दाराचा उपाय सुचवणारे गृहस्थ बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते आणि ते उत्साहाने दोरा घेऊनच आले होते.

दाताला दोऱ्याची गरज नसते. खालून पक्का दात वर सरकू लागला की शरीरातल्याच काही पेशी दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवत जातात. वरून दात तसाच, पांढरा, हसणारा, आणि खाली मूळ कणाकणाने नाहीसं होत असतं. म्हणून तर पडलेल्या दाताला मूळ जवळजवळ नसतंच. तो तुटलेला नसतो, मोकळा केलेला असतो. हे वाचल्यावर मी त्या दाताकडे जरा आदराने पाहू लागलो. इतकी नीट आवराआवर करून जागा सोडणं मोठमोठ्या माणसांना जमत नाही.

अखेर तो पडला तो घावन खाताना. दोऱ्याने नाही की पेरूने नाही. रक्ताचा एक ठिपका, आरशापुढे एक लांब मुक्काम, आणि मग तिने मूठ उघडून तो माझ्यापुढे धरला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. ही तीच मुलगी, जी तुटलेल्या खडूचा तुकडा टाकू देत नाही, बागेतला प्रत्येक खडा ‘हा खास आहे’ म्हणून खिशात आणते, आणि चॉकलेटची चांदी जपून ठेवते. तिला स्वतःच्या अंगाचा एक भाग देऊन टाकायची घाई झाली होती. ‘उंदीरमामाला कधी द्यायचा?’ मला मात्र तो द्यावासा वाटत नव्हता. वस्तूंचा मोह धरू नये हे तिला सहा वर्षं समजावणारा मी, घरात एखादी रिकामी कुंकवाची डबी सापडते का ते पाहत होतो.

शिवाय प्रश्न होता तो द्यायचा कुठे. आमचं मूळ घर राजापूरच्या बाजूला. तिथे हा प्रश्न कधी पडलाच नाही. अंगणात उभं राहायचं, उंदराला ऐकू जाईल अशा आवाजात देवाणघेवाणीचा करार बोलून दाखवायचा आणि दात कौलांवर भिरकवायचा. जुन्या नळीच्या कौलांच्या खाचांत तो बसून राही, पण पडवीवर मंगळुरी कौलं होती, तिथून तो टकटक करत घरंगळून पुन्हा पायाशी येई. मग मामाने तो नाकारला, असं म्हणून चुलतभाऊ चिडवायचे आणि पुन्हा फेकावा लागायचा. पावसाळ्याआधी कौलं उतरवून, झाडून पुन्हा बसवायला गडी येत, तेव्हा वर माझ्या वडिलांचे, काकांचे, आत्यांचे आणि आम्हा सगळ्यांचे दात सापडत असतील का, असा विचार मी बरेचदा केला आहे. दोन पिढ्यांचं बालपण डोक्यावर घेऊन ते घर कोकणातला पाऊस झेलत उभं होतं. खालच्या खोलीत भांडणं झाली, वाटण्या झाल्या, पण छपरावरच्या दातांची वाटणी कुणी मागितली नाही.

इथे पुण्यात आम्ही सातव्या मजल्यावर. डोक्यावर छप्पर नाही, आठव्या मजल्यावरच्या लोकांची फरशी आहे. गच्चीला कुलूप आणि किल्ली वॉचमनकडे. बिळाचं म्हणाल तर सोसायटीने नुकतंच उंदरांसाठी औषध टाकून घेतलं होतं आणि त्या वर्गणीची पावती माझ्या टेबलावर होती. वर्षभर ज्याला घालवण्यासाठी आम्ही पैसे मोजले, त्याच्याकडे आता दात मागायचे होते. कार्यालयात जाऊन मी सेक्रेटरींना विचारलं, ‘आपल्या आवारात एखादा उंदीर शिल्लक आहे का हो?’ त्यांना ती तक्रार वाटली. ते छातीवर हात ठेवून म्हणाले, ‘एकही नाही, शब्द देतो.’ दाताचं कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. थोडा वेळ विचार करून त्यांनी जिन्यामागे पंपाच्या खोलीजवळचं एक भोक दाखवलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, ‘कमिटीत बोलू नका, पण इथे अधूनमधून हालचाल असते.’

उंदरालाच हे काम का दिलं, याचं उत्तर त्याच्या तोंडात आहे. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडून झिजवले नाहीत तर त्यालाच जाच होतो. ज्याच्याकडे माल उरतो आहे त्याच्याशी व्यवहार करावा, हे आपल्या पूर्वजांना चांगलं कळत होतं. आणि हा शहाणपणा आपल्यापुरताच नाही. फ्रान्समधल्या मुलांकडेही दात न्यायला उंदीरच येतो. स्पेनमध्ये त्याला पेरेझ असं आडनावही आहे. आठ वर्षांच्या राजाचा, तेराव्या अल्फोन्सोचा, दात पडला तेव्हा लुईस कोलोमा नावाच्या धर्मगुरूने १८९४ च्या सुमारास त्याच्यासाठी या उंदराची गोष्ट लिहिली. गोष्टीतला उंदीर बिस्किटांच्या डब्यात सहकुटुंब राहतो, आणि माद्रिदच्या अरेनाल रस्त्यावर ८ क्रमांकाच्या इमारतीला त्याच्या नावाची पाटी लागलेली आहे. जपानात खालचा दात छपरावर आणि वरचा जमिनीखाली टाकतात, म्हणजे नवा दात त्या दिशेने सरळ वाढतो. इंग्रजी घरांतून एक परी येते आणि उशीखाली नाणं ठेवून जाते. लेकीला शाळेतून परीची माहिती मिळाली होती. तिने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि उंदराच्या बाजूने निकाल दिला. ‘परी पैसे देते. मला दात हवाय.’ पंपाच्या खोलीजवळ आम्ही तिघं उभे राहिलो, मी, ती आणि साक्षीदार म्हणून सेक्रेटरी. करार मोठ्याने म्हटला गेला. दात आत गेला. सेक्रेटरींनी नकळत हात जोडले.

मग काही आठवडे आमच्या घरात एक उघडी खिडकी होती. तिच्यातून ‘स’ निसटून वाऱ्यासारखा बाहेर जायचा, पाण्याची बारीक पिचकारी उडायची, आणि हसताना तिचा सगळा चेहरा त्या एका फटीभोवती गोळा व्हायचा. गणपती जवळ आले तेव्हा तिथे एक पांढरी रेघ उमटली. नव्या दाताला वर करवतीसारखी तीन बारीक टोकं असतात, ती पुढे झिजून सपाट होतात. आणि तो केवढा! दात उगवल्यावर वाढत नाही. जेवढा येतो तेवढाच तो म्हातारपणापर्यंत राहायचा असतो. चेहऱ्यालाच मागाहून वाढून त्याची बरोबरी करावी लागते. त्या चिमुकल्या ओठांमागे मला एका प्रौढ बाईचा दात दिसत होता. ती बाई मला अजून भेटायची आहे. तिच्या चेहऱ्याचा हा एवढाच भाग आगाऊ येऊन पोचला होता.

गणपती बसले त्या दिवशी आरतीनंतर लेक मूर्तीपुढे बराच वेळ उभी होती. मग तिने माझ्या आईला विचारलं, ‘आजी, बाप्पाचा एक दात तुटका का?’ आईने परशुरामाची गोष्ट सांगितली, मग महाभारत लिहायला स्वतःच दात मोडून घेतल्याचीही सांगितली. लेकीचं दोन्हींनी समाधान झालं नाही. तिचं बोट मूर्तीच्या पायाशी गेलं. ‘पण उंदीरमामा तर तिथेच बसलाय! मग त्यानं बाप्पाला नवीन का नाही दिला?’ पुराणं मी थोडीफार वाचली आहेत, पण ही शंका कुणी काढल्याचं मला आठवत नाही. आई मोदकाचं ताट हातात घेऊन क्षणभरच थांबली. ‘अगं, बाप्पाचा पक्का दात होता तो. मामा एकदाच बदलून देतो, दुसऱ्यांदा नाही. मी नाही का बसले बिनदाताची?’ आणि आपली कवळी जिभेनं जरा सैल करून तिने नातीला हसून दाखवलं.

त्या रात्री लेक न सांगता ब्रश घेऊन आरशापुढे उभी राहिली. मला भरून आलं. जवळ जाऊन पाहिलं तर ती मोठ्या निगुतीने फक्त एकच दात घासत होती, तो नवा. ‘आणि बाकीचे?’ मी विचारलं. ‘ते उंदीरमामाचेच आहेत. त्याला द्यायचेच आहेत.’ मी तिला समजावलं की दुधाचे दात पक्क्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. ते वेळेआधी किडून गेले तर शेजारचे सरकतात आणि नवे वाकडे येतात. गावी जाताना एसटीच्या खिडकीतून आपण सीटवर रुमाल टाकतो ना, तसं. तिने हे ऐकून घेतलं, चूळ भरली आणि म्हणाली, ‘मग रुमाल कुणी घासतं का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते बाहेरच्या खोलीतून आलं, कवळी काढून ठेवल्यावर आईचा आवाज जसा येतो तशा हवेशीर आवाजात. ‘घासावा लागतो, बाळ. मळका रुमाल लोक बोटानं बाजूला सारतात आणि खुशाल बसतात.’ लेकीने यावर विचार केला, ब्रशवर पुन्हा पेस्ट घेतली आणि उरलेल्या एकोणीस रुमालांना लागली.