यंत्र एकाने, कागद एकोणपन्नासाने

१५ जून २०२४ रोजी ईलॉन मस्क यांनी पोर्टो रिकोबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि गोरेगाव पूर्वेला खळबळ उडाली.

पोर्टो रिको हे कॅरिबियन समुद्रातले बेट. तिथल्या प्राथमिक निवडणुकीत मतदानयंत्रांनी आकड्यांचा घोळ घातला आणि कागदी नोंद होती म्हणून तो सापडला, असे अमेरिकी राजकारणी रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी एक्सवर लिहिले होते. त्यावर मस्क यांनी परस्पर निकाल देऊन टाकला. ही यंत्रेच काढून टाका. माणूस किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता ती हॅक करण्याचा धोका छोटा असला तरी परवडणारा नाही. यात भारताचा उल्लेख नव्हता. पण जगात कुठेही यंत्राची निंदा झाली की ती आपल्याच यंत्राची, हे ओळखायला आपल्याला वेळ लागत नाही.

पहिले उत्तर भाजपचे माजी केंद्रीय मंत्री राजीव चंद्रशेखर यांनी दिले. भारतीय यंत्राला ब्लूटूथ नाही, वायफाय नाही, इंटरनेट नाही. हवे तर आम्ही शिकवणी घेऊ, असा त्यांचा सूर होता. हे गृहस्थ नुकतेच तिरुवनंतपुरममध्ये शशी थरूर यांच्याकडून हरले होते. ज्या यंत्राने आपल्याला घरी बसवले, त्याचीच वकिली करणारा राजकारणी दुर्मीळ. त्या दिवशी त्याचे कौतुक करायला मात्र कोणाला सवड नव्हती. मस्क यांनी शिकवणीची फी विचारली नाही. काहीही हॅक होऊ शकते, एवढे सांगून ते पुढच्या विषयाकडे वळले. अब्जाधीश असण्याचा हा एक फायदा: वाद पेटवायचा आपण, तेल ओतायचे इतरांनी.

तेल दुसऱ्याच दिवशी आले. मुंबईतल्या एका इंग्रजी दैनिकाने बातमी दिली की, लोकसभा निवडणुकीत वायव्य मुंबईच्या गोरेगाव पूर्वेतल्या मतमोजणीत विजयी उमेदवार रवींद्र वायकर यांच्या नातेवाइकाच्या हाती जो मोबाइल होता, त्यावर आलेल्या ओटीपीने मतदानयंत्र उघडता येत होते. वायकर अवघ्या ४८ मतांनी जिंकलेले. राहुल गांधी यांनी ती बातमी जोडून आपली यंत्रे म्हणजे काळी पेटी असल्याचे लिहिले. मग काय, ज्यांना बँकेचा ओटीपी नातवाकडून वाचून घ्यावा लागतो, तेसुद्धा संध्याकाळपर्यंत नियंत्रण युनिटाच्या अंतरंगावर अधिकारवाणीने बोलू लागले. दुसऱ्या बाजूचे तज्ज्ञही काही कमी नव्हते. देशाच्या शत्रूंना मतदानयंत्रेच का खुपतात, या प्रश्नाचा त्यांच्याकडे तयार मजकूर होता. त्यात फक्त तारीख बदलायची होती.

त्याच दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी वंदना सूर्यवंशी यांनी पत्रकार परिषद घेतली. यंत्राला ओटीपी लागत नाही, ते कशालाच जोडलेले नसते. ओटीपी लागतो तो एन्कोर नावाच्या संगणक प्रणालीत शिरायला, जिच्यात मोजून झालेले आकडे भरले जातात. मोजणी केंद्रात मोबाइल बाहेरच्या माणसाच्या हाती गेलाच कसा, हा गंभीर प्रश्न होता आणि त्यावर वनराई पोलिसांत गुन्हाही दाखल झाला होता. पण ‘मोबाइल नेला’ हा गुन्हा फारच गद्य. त्याने कोणाची झोप उडत नाही. वृत्तपत्राने नंतर चूक कबूल केली. ती कबुली मूळ बातमीइतक्या लोकांनी पुढे ढकलल्याचे ऐकिवात नाही.

आता या गदारोळात जे बाजूला पडले, ते पाहण्यासारखे आहे.

वायव्य मुंबईत यंत्रांवर पडलेली मते मोजली तेव्हा ठाकरे यांच्या शिवसेनेचे अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ मते होती आणि शिंदे यांच्या शिवसेनेचे वायकर यांना ४,५१,०९४. म्हणजे यंत्राने कीर्तिकरांना एका मताने निवडून दिले होते. मग टपाली मते धरली गेली. ती कागदी असतात. पाकिटात घालून, प्रतिज्ञापत्रावर सही करून पाठवायची. त्यांत वायकरांना १,५५० मिळाली आणि कीर्तिकरांना १,५०१. फरक ४९. त्यातून यंत्राचे एक वजा केले की राहतात ते जगप्रसिद्ध ४८. थोडक्यात, ज्या निकालाने देशभर ‘यंत्र हटवा, कागद आणा’ असा गजर झाला, त्या निकालात यंत्राने विरोधकांना जिंकवले होते आणि कागदाने पाडले होते.

ही बेरीज गुप्त नव्हती. पण ती कोणाच्याच सोयीची नव्हती. ठाकरे गटाला ती मांडायची तर मतपत्रिकेची मागणी जरा अवघड जागी दुखणार होती. शिंदे गटाला ती मांडायची तर आपण यंत्रावर हरलो होतो, हे सांगावे लागणार होते. शिवाय कीर्तिकरांचे वडील गजानन कीर्तिकर हे याच मतदारसंघाचे मावळते खासदार, आणि तेही शिंदे गटात. इतकी गुंतागुंत एका ओळीच्या पोस्टमध्ये मावत नाही. ओटीपी मावतो. कीर्तिकर न्यायालयात गेले; मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची याचिका फेटाळली. तोवर वादाचे बिऱ्हाड दुसरीकडे हलले होते.

यंत्राकडे पाहण्याचा हा चष्मा जुनाच आहे. भारतात मतदानयंत्र पहिल्यांदा वापरले गेले १९८२ मध्ये, केरळातल्या परवूर विधानसभा मतदारसंघात, ५० मतदान केंद्रांवर. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सिवन पिल्लै यांनी मतदानाआधीच त्याला हरकत घेतली. मग ते १२३ मतांनी जिंकले आणि त्यांची हरकत मावळली. हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस यांना तेव्हा यंत्रातले दोष दिसू लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये, कायद्यात यंत्राची तरतूदच नाही म्हणून, त्या केंद्रांवर मतपत्रिकेने फेरमतदान घ्यायला लावले. त्यात जोस जिंकले. पुढच्या चाळीस वर्षांत या नाटकाची संहिता बदललेली नाही, फक्त पात्रे आपापसात भूमिका बदलतात.

२००९ मध्ये भाजप हरला आणि लालकृष्ण अडवाणी यांना यंत्रांबद्दल शंका आली. २०१० मध्ये जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी या यंत्रांवर विश्वास ठेवायचा का, असे विचारणारे पुस्तकच लिहिले, प्रस्तावना अडवाणींची. त्याच वर्षी हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद यांनी परदेशी संशोधकांसह एका खऱ्या यंत्रावर प्रयोग करून दाखवला आणि यंत्र कुठून मिळाले या प्रश्नावर तुरुंगाची हवा खाल्ली. तेव्हा यंत्राच्या पावित्र्याची ग्वाही देणारे सरकार काँग्रेसच्या नेतृत्वाखाली होते. २०१७ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना आव्हान दिले की, या आणि आमचे यंत्र हॅक करून दाखवा. ३ जूनला दोनच पक्ष आले, राष्ट्रवादी आणि मार्क्सवादी. दोघांनीही यंत्राला हात लावला नाही. आम्ही प्रक्रिया समजून घ्यायला आलो, असे सांगितले. आयोगाचे चहापान वाया गेले नाही, एवढेच.

२०२४ ने मात्र कमाल केली. जूनमध्ये महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या, तेव्हा पंतप्रधानांनी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात आपल्या खासदारांपुढे यंत्र जिवंत आहे की मेले, अशी थट्टेने विचारपूस केली. नोव्हेंबरमध्ये महायुतीने विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा घेतल्या आणि यंत्राची प्रकृती पुन्हा चिंताजनक झाली. नेमक्या त्याच दिवसांत मस्क यांनी नवी ओळ लिहिली: भारताने एका दिवसात ६४ कोटी मते मोजली, कॅलिफोर्निया अजून मोजतोच आहे. जूनमध्ये त्यांना महाराष्ट्राच्या एका बाजूने डोक्यावर घेतले होते, नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या बाजूने घेतले. ६४ कोटी मते एका दिवसात मोजली गेली ती कशावर, हे विचारून रंगाचा बेरंग कोणी केला नाही.

मग सोलापूर जिल्ह्यातले मारकडवाडी. माळशिरस मतदारसंघात शरद पवार यांच्या पक्षाचे उत्तम जानकर यंत्रावर निवडून आले, पण या एका गावात त्यांना ८४३ आणि भाजपचे राम सातपुते यांना १,००३ मते दिसली. गावाला ते पटेना. ३ डिसेंबरला गावकऱ्यांनी स्वखर्चाने मतपत्रिकेवर अभिरूप मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान रद्द झाले. पुढच्या आठवडाभरात पवार येऊन गेले, त्यांच्यामागून भाजपचे नेते येऊन गेले. निवडून आलेला उमेदवारच यंत्राविरुद्ध आंदोलनात, हा देखावा परवूरच्या पिल्लै यांनाही जमला नव्हता. आणि ज्या सरकारला यंत्राची खात्री होती, त्याला एका गावाच्या कागदी चिठ्ठ्यांची मात्र धास्ती वाटली.

वाद असा तापला की बाजारही लगेच भरतो. महाराष्ट्रातली यंत्रे आपण हॅक करू शकतो, असा दावा करणाऱ्या सय्यद शुजा या इसमाचा व्हिडिओ नोव्हेंबरमध्ये फिरला. त्याच्यावर मुंबई सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. हाच माणूस जानेवारी २०१९ मध्ये लंडनमधल्या पत्रकार परिषदेत, चेहरा झाकून, पडद्यावर अवतरला होता. जवळपास सहा वर्षांत पुरावा आला नाही, प्रेक्षक मात्र वाढले.

खरे प्रश्न या सगळ्यात अंग चोरून उभे असतात. दिलेले मत छापणाऱ्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी मतदाराला सात सेकंद दिसते, पण मोजल्या जातात त्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या. २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारली. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येईल, असे सांगितले. आयोगाने त्यासाठी एका संचामागे ४७,२०० रुपये आकारले. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये तिथली मतदानयंत्रे घटनाबाह्य ठरवली, आणि तीही कोणी ती हॅक केली म्हणून नव्हे. तज्ज्ञ नसलेल्या नागरिकाला मोजणी स्वतः तपासता आली पाहिजे, एवढाच मुद्दा होता. आपल्याकडे तपासायची एक साधी सोय आहे: मतदान संपल्यावर केंद्रावर किती मते पडली याचा ‘१७ सी’ हा नमुना प्रत्येक मतदान प्रतिनिधीला सहीनिशी मिळतो. त्यासाठी प्रतिनिधीने संध्याकाळपर्यंत केंद्रावर बसावे लागते. पक्षांना एक्सवर माणसे भरपूर मिळतात. बाकावर बसायला मिळत नाहीत.

२०२५ मध्ये यंत्र जरा विश्रांतीला गेले आणि मतदार यादी आखाड्यात उतरली. कालचे यंत्रतज्ज्ञ रातोरात यादीतज्ज्ञ झाले. विरोधकांना दुबार नावे सापडली ती सत्ताधाऱ्यांनी जिंकलेल्या मतदारसंघांत, भाजपला सापडली ती आघाडीने जिंकलेल्या. दरम्यान राज्य निवडणूक आयोगाने स्पष्ट केले की, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरले जाणार नाही. मुंबई सोडली तर बहुतेक महापालिकांत प्रभाग चार सदस्यांचा. म्हणजे मतदाराने चारदा बटण दाबायचे, चिठ्ठी मात्र एकही पाहायची नाही.