मारव्याची दुसरी बाजू

संगीत ऐकणारे लोक जगात पुष्कळ आहेत. त्यांचं कौतुक करावं असं त्यात काही नाही. कान उघडे असले की ऐकणं आपोआप घडतं, आणि गल्लीच्या तोंडाशी मांडव पडला असेल तर कान बंद करूनही घडतं. कौतुक करायला हवं ते आपण सध्या काय ऐकतो आहोत हे इतरांना सांगणाऱ्यांचं. हा वर्ग पुणे, पार्ले, डोंबिवली, धारवाड आणि आता न्यू जर्सी अशा ठिकाणी वस्ती करून आहे. तो कोणी न विचारता काम करतो, मोबदला मागत नाही, आणि त्याला अजून कोणत्याही अकादमीने पुरस्कार दिलेला नाही.

या विद्येतलं संभाषण कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं असतं.

"काय नाना, सध्या काय ऐकताय?"

"मारवा."

"खाँसाहेबांचा?"

"मग काय आता भलत्याचा ऐकू?"

"वा! ती सुरुवातीची आलापी..."

"आलापी तर आहेच हो. पण पुढे!"

"पुढे तर काय, विचारूच नका."

आणि खरोखरच कोणी विचारत नाही. कोणते खाँसाहेब, हे दोघांपैकी एकानेही उच्चारलेलं नाही. पूर्ण नाव घेणं हा या वर्तुळात उथळपणा समजतात. अण्णा, कुमारजी, ताई, माई, बुवा, खाँसाहेब एवढ्यावर भागतं. त्यामुळे दोन माणसं दोन वेगळ्या खाँसाहेबांबद्दल तासभर बोलून, एकमेकांच्या व्यासंगाने भारावून, चहा पिऊन घरी जाऊ शकतात. नाव घेतलं असतं तर घराण्यावरून भांडण पेटलं असतं. एवढा सामाजिक सलोखा प्रत्यक्ष गाण्याने कधी साधलेला नाही.

वेळेचं भान मात्र ठेवावं लागतं. सकाळी साडेदहाला ऑफिसच्या लिफ्टमध्ये "दरबारी ऐकतोय" म्हणणारा माणूस कायमचा बाद होतो. त्या वेळी तोडी सांगावी, फार तर जौनपुरी. ललित पहाटेचा, मारवा दिवेलागणीचा, दरबारी मध्यरात्रीचा. पाऊस सुरू झाला की मल्हाराचे प्रकार. नुसता मियाँमल्हार सर्वांकडेच असतो, म्हणून रामदासी मल्हार हाताशी असलेला बरा. हे सगळं पाठ व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. ऐकून शिकायचं म्हटलं तर वीस वर्षं जातात, शिवाय ऐकणारा माणूस मधूनच गप्प बसतो आणि संभाषणाची लय बिघडते.

उस्ताद अमीर खाँ यांची एक प्रसिद्ध एलपी आहे. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. सामान्य माणूस मारवा संपला की तबकडी उलटी करून मोकळा होतो. नियम पाळणारा रसिक मारवा संपल्यावर सुई उचलतो, मध्यरात्र होण्याची वाट पाहतो, आणि त्या पाच तासांत जितक्यांना फोन करता येतील तितक्यांना आपण मारवा ऐकला आणि आता दरबारी ऐकणार आहोत हे कळवतो. मध्यरात्री त्याला झोप लागलेली असते. दरबारीची बाजू त्यामुळे नव्यासारखी राहते. जुन्या बाजारात अशा एलपीला किंमतही जास्त येते, आणि पाकिटाचं प्लॅस्टिकच फोडलेलं नसेल तर बोलायलाच नको. न ऐकलेलं संगीत हे ऐकलेल्या संगीतापेक्षा महाग असतं, हा बाजारभाव आहे. माझं मत नव्हे.

सांगण्याची ही परंपरा आपल्याकडे ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. 1902 साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. तीनेक मिनिटांत राग आटोपायचा, आणि शेवटी बाईंनी इंग्रजीतून स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं. मुद्रण इथे होई, पण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळावं म्हणून ही सोय. त्या काळी कलावंताला स्वतःच ओरडून सांगावं लागे. आज ते काम श्रोत्यांनी अंगावर घेतलं आहे, आणि जिथे गौहरजान एक वाक्य बोलत तिथे आपले लोक पाऊण तास बोलतात. प्रगती यालाच म्हणत असावेत.

पुढे एलपी आली, कॅसेट आली, आणि मग हार्ड डिस्क आली. हल्ली रसिकाची उंची टेराबाइटमध्ये मोजतात. "दोन टीबी आहे माझ्याकडे," असं कोणी म्हणालं की बाकीचे आदराने सरकून बसतात. साध्या दर्जाच्या एमपीथ्रीला मिनिटाला सुमारे एक एमबी लागतो. म्हणजे एक टीबीत साधारण दहा लाख मिनिटं, म्हणजे सोळा हजार तासांहून जास्त. रोज चार तास नेमाने ऐकलं तर एक टीबी संपायला अकरा वर्षं लागतील, दोन टीबीला बावीस. नाना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली आहेत. अशा परिस्थितीत ऐकायला बसणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. यादी सांगायला मात्र एक संध्याकाळ पुरते.

डिस्कच्याही वर दर्जा आहे तो खाजगी मैफलीच्या मुद्रणाचा. कोणाच्या तरी दिवाणखान्यात, कोणीतरी स्पूलवर घेतलेलं, मग स्पूलवरून कॅसेटवर, कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर. तानपुरा खरखरीत बुडालेला, तबला शेजारच्या इमारतीत वाजत असल्यासारखा. पानाचा डबा उघडल्याचा आवाज मात्र लख्ख. गायक समेवर आल्यावर एक दणदणीत "वा!" ऐकू येतं, आणि इथे मालक यंत्र थांबवून सांगतात, "हे आमचे मामा." मग मामांची हकीकत होते. गाणं पुन्हा सुरू केलं जातंच असं नाही. प्रत मागू नये. ती न देण्याचा शब्द त्यांनी कोणालातरी दिलेला असतो, आणि तो कोणीतरी आता हयात नसल्यामुळे शब्द मागे घेता येत नाही.

पण सर्वांत वरच्या पायरीवर जे आहेत, त्यांना यंत्राचीही गरज उरलेली नाही. भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले, अल्लादियाखाँ 1946 मध्ये. दोघांच्याही गाण्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. म्हणूनच त्यांच्या गाण्यावर सर्वांत खात्रीने बोलता येतं. "आजोबांनी ऐकलं होतं बुवांना," एवढं एक वाक्य टाकलं की समोरच्याची दोन टीबी जागच्या जागी निकामी. इथे ऐकणारा एक, सांगणारा दुसरा, आणि मान डोलावणारा तिसरा. तिघांच्या मध्ये शंभर वर्षं. सांगण्यावर ऐकण्याचा किंचितही डाग नाही.

या वैभवाला हल्ली एकच धोका आहे. तो म्हणजे मोबाइलमधली ॲप. ती नको तितकी प्रामाणिक असतात. वर्षाच्या शेवटी न विचारता हिशेब देतात, की साहेबांनी यंदा मारवा दोनदा लावला, दोन्ही वेळा चाळीस सेकंद, आणि 'झिंगाट' मात्र शेकडो वेळा. सुदैवाने कंपन्यांनाही माणसाची कदर आहे. स्पॉटिफायवर 'प्रायव्हेट सेशन' नावाची सोय असते. ती सुरू केली की आपण काय ऐकतोय ते मित्रांना दिसत नाही. जे खरोखर ऐकायचं ते गुपचूप आणि जे सांगायचं ते चारचौघांत, ही वाटणी आता तंत्रज्ञानानेही मान्य केली आहे.

कोणी म्हणेल, हे मराठी मध्यमवर्गाचे चोचले. तसं नाही, अख्ख्या मानवजातीने हेच केलं आहे. 1977 साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं आकाशात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, तीवर पृथ्वीवरचं सुमारे दीड तासाचं संगीत: बाख आहे, बीथोव्हन आहे, चक बेरी आहे. आणि अल्लादियाखाँच्या शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत, साडेतीन मिनिटांची भैरवी घेऊन. निवड करणाऱ्यांना ती रेकॉर्ड कुठे मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. जुना बाजार पालथा घालणाऱ्या माणसाला याहून सरस हकीकत सांगता येणार नाही.

केसरबाई रेकॉर्डच्या बाबतीत फार कडक होत्या. सहजासहजी मुद्रण करू देत नसत. व्हॉयेजर 1 उडालं 5 सप्टेंबरला आणि बाई गेल्या 16 सप्टेंबरला. यान आता 2400 कोटी किलोमीटरहूनही दूर आहे. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास पोहोचायला त्याला सुमारे चाळीस हजार वर्षं लागतील. तबकडीबरोबर सुई दिली आहे, ती कशी लावायची याची चित्रं झाकणावर कोरली आहेत. पलीकडच्यांना कान आहेत का, ही चौकशी मात्र आधी कोणी केली नाही. करायचं कारणही नव्हतं. आपण काय ऐकतो ते कळवायचं होतं, ते कळवून झालं.

तेव्हा वाचकांना विनंती, की आपण सध्या काय ऐकत आहात ते सविस्तर लिहून पाठवावं. चाल, घराणं, मुद्रणाची जागा, मामा कोणत्या मिनिटाला "वा" म्हणतात, काही वगळू नये. प्रत्येक पत्राला उत्तर मिळेल. तुमचं पत्र फोडण्याआधीच मी काय ऐकतोय ते तुम्हाला कळवलेलं असेल.