तीनशे ओहमचा बाऊ

हेडफोनच्या खोक्यावर '३०० ओहम' एवढं छापलेलं दिसलं की भल्याभल्यांचा धीर सुटतो. सेनहायझरचा एचडी ६५० हा २००३ सालापासून हौशी मंडळींच्या डोक्यावर ठाण मांडून बसलेला हेडफोन. तो घरी येऊन स्थिरस्थावर होतो न होतो, तोच एखादा जाणकार चेहरा पाडून विचारतो, "ते ठीक, पण ॲम्प कुठला?" 'अजून घेतला नाही' म्हटलं की तो नुसता हळहळतो. मग शोध सुरू होतो. बजेट पाच हजारांचं असतं, ते आठवड्यात पंधरावर जातं, महिन्याभरात ॲम्प हेडफोनपेक्षा महाग होतो आणि नाकापेक्षा मोती जड या म्हणीला कानापर्यंत बढती मिळते. माझं म्हणणं साधं आहे. जास्त ओहमच्या हेडफोनला ॲम्प निवडणं हा अभिरुचीचा प्रश्न फारसा नाहीच, तो दहावीच्या विज्ञानाचा आहे. आणि त्याचं उत्तर बरेचदा फोनला हेडफोन जोडणाऱ्या, हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या डोंगलपाशीच थांबतं.

जास्त ओहमच्या हेडफोनमध्ये तार केसासारखी बारीक असते आणि तिचे वेढे जास्त, म्हणून रोध जास्त. अशा हेडफोनला करंट नावापुरता लागतो, हवे असतात ते व्होल्ट. चौथ्या मजल्यावरच्या नळाला पाण्याचा दाब लागतो, दाराशी टँकर आणून उभा केल्याने प्रश्न सुटत नाही. आता आकडे बघा. एचडी ६५० ला १ व्होल्ट दिला की तो १०३ डेसिबल आवाज देतो, हे कंपनी स्वतःच सांगते. व्होल्टचा वर्ग करा, रोधाने भागा: १ व्होल्टला ३०० ओहमवर होतात जेमतेम ३.३ मिलिवॅट. आणि १०३ डेसिबल म्हणजे काय? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, एवढीच मुभा देते. ॲपलचा तो शेपटीएवढा डोंगल १ व्होल्ट देतो. म्हणजे ज्याला 'भुकेला राक्षस' म्हणून हिणवलं जातं, तो मुळात उपवासाच्या फराळावर तृप्त होणारा प्राणी आहे.

उलट ज्यांच्या अंगावर ओहम कमी, तेच खरे खादाड निघू शकतात. हायफायमनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा, पण त्याची संवेदनशीलता १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. एचडी ६५० एवढा आवाज त्याच्याकडून काढायला पंचवीसपटीहून जास्त शक्ती ओतावी लागते. तेव्हा नुसत्या ओहमकडे बघून घाबरणं हे माणसाची उंची बघून त्याची भूक ठरवण्यापैकी आहे. जाहिरातवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. ॲम्पच्या खोक्यावर ठळक अक्षरांत '१ वॅट' असतं आणि खाली मुंगीच्या अक्षरांत '३२ ओहमवर'. ३२ ओहमवर १ वॅट म्हणजे साधारण साडेपाच व्होल्ट. तेच व्होल्ट ३०० ओहमवर टाकले की त्या वॅटचे उरतात शंभर-एक मिलिवॅट. फसवणूक म्हणावी तर तीही नाही, कारण त्या शंभर मिलिवॅटवरही एचडी ६५० ११८ डेसिबलपर्यंत जाईल. तिथवर ऐकणाऱ्याने ॲम्पचे पैसे कानाच्या डॉक्टरसाठी राखून ठेवावेत.

इथे जाणकार हसून म्हणतात, "अहो, प्रश्न आवाजाचा नाही, भरीवपणाचा आहे. चांगल्या ॲम्पवर बास कसा मांसल होतो, ऐका." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण काही वेळा बास खरोखरच वाढतो. एचडी ६५० चा इंपिडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा तोच रोध, सगळ्या स्वरांना ३०० राहत नाही. १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या घरात चढतो. एखाद्या ट्यूब ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इंपिडन्स १२० ओहम असला, तर व्होल्टची वाटणी अशी होते की नेमका त्या टेकाडाजवळचा बास सुमारे १ डेसिबलने वर येतो. ट्यूबच्या 'उबेचा' एक मोठा हिस्सा हा इतका हिशेबी आहे. आवडला तर जरूर घ्या, पण तेवढाच बास फोनमधल्या इक्वलायझरवर फुकट मिळतो. बाकीच्या मांसलपणाचं कारण याहून सोपं असतं: नवा ॲम्प किंचित मोठ्याने वाजत असतो आणि मोठं ते कानाला गोड लागतं. दोन ॲम्पची तुलना करायची असेल, तर दोन्हीकडे ५० हर्ट्झचा सूर लावा, हेडफोन जोडलेला असतानाच स्वस्तातल्या मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा आणि दोन्ही आकडे सारखे करून मगच, कुठला वाजतोय ते न बघता, ऐका. या परीक्षेला बसायला बहुतेकांना वेळ नसतो.

दुसरा आक्षेप रागसंगीतवाल्यांचा: आमच्या विलंबित आलापीचं रेकॉर्डिंग मुळातच हळू, तिथे डोंगल धापा टाकणार. हिशेब करू. द्रुत तानेचं टोक १०३ वर ठेवलं आणि आलाप त्याच्या २० डेसिबल खाली असला, तरी तो ८३ वर येतो. तानपुऱ्यासकट. मात्र डोंगल कमी पडण्याच्या दोन जागा खऱ्या आहेत. ॲपलचा डोंगल पुष्कळ अँड्रॉइड फोनांवर मुद्दाम आवाज दाबल्यासारखा वागतो, आणि त्याची युरोपातली आवृत्ती अर्धाच व्होल्ट देते. बायरडायनॅमिकच्या ६०० ओहमवाल्या डीटी ८८० सारख्या हेडफोनला तर १ व्होल्टवर ९८ डेसिबलच मिळतात. तिथे २ व्होल्ट असलेले बरे. त्यासाठीही सावकाराकडे जायला नको. २०११ साली नाव-गाव न सांगणाऱ्या एका इंजिनिअरने, फक्त 'एनडब्ल्यूएव्हीगाय' या टोपणनावाने, ओ२ नावाच्या ॲम्पचा आराखडा जगाला फुकट देऊन टाकला. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवरही चालणारा हा डबा विजेच्या जोडणीवर सुमारे ७ व्होल्ट काढतो आणि मोजमापात महागड्या यंत्रांना लाजवतो. पुढच्याच वर्षी तो गृहस्थ गायब झाला. शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळणाऱ्या सॉलिड-स्टेट ॲम्पची आज जी रांग आहे, तिच्यातल्या बहुतेकांना २ व्होल्टचं काम डाव्या हातचं वाटेल.

म्हणून आधी डोंगल लावा आणि आवाज पूर्ण वाढवून बघा. तरीही कमीच वाटलं, तर दुकानात जाऊन एवढंच विचारा: "३०० ओहमवर किती व्होल्ट मिळतात, आणि आउटपुट इंपिडन्स किती?" उत्तरादाखल "सर, एकदा ऐकून तर बघा" असं कानावर आलं, तर नमस्कार करून शेजारच्या दुकानात जा.