फ्रेंच-चिनी जेवणाचे नियम व पोटनियम

पॅरिसमध्ये फ्रेंच-चिनी जेवायला जाणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यावे, की त्या टेबलावर दोन सरकारे नांदतात. फ्रेंच सरकार म्हणते, ज्याचे ताट त्याला आणि पदार्थ एकामागून एक. चिनी सरकार म्हणते, सगळे मधोमध ठेवा; ज्याचा हात लांब तो सुखी. कोणत्या क्षणी कोणाचा अंमल आहे हे ओळखणे, एवढेच या शास्त्राचे मर्म. बाकीचे पैशांनी भागते.

निघण्यापूर्वी थोडे खाऊन घ्यावे. भुकेल्या माणसाला सुरुवातीच्या ‘आम्यूझ-बूश’चे, म्हणजे फुकट आलेल्या एका घासाचे, सौंदर्य दिसत नाही. तो संपल्यावर ‘आणि?’ असा चेहरा करू नये.

खरी परीक्षा चहाची. आदेलीन ग्रातार हाँगकाँगमध्ये काम करून आल्या आणि २००९ साली त्यांनी पॅरिसमध्ये ‘याम चा’ काढले. त्यांचे यजमान ची वा चान चहाचे जाणकार. त्यामुळे वाइनऐवजी प्रत्येक पदार्थाला जोडून वेगळा चहा. अशा ठिकाणी दूध मागू नये. साखर मनातही आणू नये. ‘आलं घातलंय का?’ हा प्रश्न ओठांवर येईल, तो गिळावा. आले घातलेले असते, पण माशाच्या सॉसमध्ये.

चहा ओतणाऱ्याचे आभार टेबलावर बोटांनी हलकेच टकटक करून मानण्याची कँटोनी रीत आहे. आख्यायिका अशी, की छ्येनलुंग बादशहा वेषांतर करून हिंडत असता त्याने नोकराला चहा ओतून दिला. लोटांगण घातले तर बिंग फुटेल, म्हणून नोकराने बोटेच वाकवली. फ्रेंच अमलात मात्र हीच टकटक ‘लवकर आण’ अशी ऐकू जाते. सबब तोंडाने ‘मेर्सी’ म्हणावे आणि टकटक टेबलाखाली करावी.

ग्रातारबाईंचा गाजलेला बाओ, म्हणजे वाफवलेला पाव, स्टिल्टन चीज आणि चेरी भरलेला. स्टिल्टन इंग्लंडचे. दोघांच्या भांडणात हा तिसरा कुठून आला, हे विचारायचे नाही; तोंड भरलेले असताना तसेही विचारता येत नाही.

सुरी दिसली की फ्रान्स, काड्या दिसल्या की चीन. दोन्ही दिसल्या तर शेजारच्या टेबलाकडे पाहावे. शेजारचे टेबल तुमच्याकडेच पाहत असते. काड्या भातात उभ्या खोचू नयेत, मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांसारख्या दिसतात. अख्खा मासा आला तर एक बाजू संपल्यावर उलटू नये; त्याने नाव उलटते, अशी दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर समजूत आहे. फ्रेंच सरकारने तो आधीच सोलून तीन बोटांएवढा करून आणला असेल, तर उलटण्याजोगे काही उरतच नाही. राहिलेला सॉस बाओने टिपावा. पाव म्हणून फ्रान्स गप्प, बाओ म्हणून चीन गप्प.

पाणी मागताना ‘कराफ दो’ म्हणावे. ते नळाचे आणि फुकट असते. टिपेची चिंता नको, फ्रान्समध्ये सेवेचे पैसे दरातच धरलेले असतात. बिल मात्र मागितल्याशिवाय येत नाही. चिनी रिवाजाप्रमाणे त्यावर सर्वांनी झडप घालून ‘मीच देणार’ म्हणून भांडायचे असते. येथे चिनी कायदा मनोभावे पाळावा. झडप तेवढी जरा उशिरा घालावी.