टेराफॉर्म इनिट, अर्थात भूमिपूजन

नगरच्या सावेडीतल्या खोलीत बसून माझा भाचा मुंबईत सर्व्हर उभारतो. हत्यार टेराफॉर्म: फाइलीत लिहिलेलं क्लाउडवर उभं करणारं. परवा बारा ओळींची फाइल लिहून त्याने ‘टेराफॉर्म इनिट’ ठोकलं आणि चहा मागवला. चहा संपला तरी डाउनलोड चालूच. बारा ओळींसाठी क्लाउडशी बोलणारा शेकडो एमबींचा प्रोव्हायडर! मग टिंबाने सुरू होणारं, सहसा न दिसणारं फोल्डर, शेजारी प्रोव्हायडरची आवृत्ती पक्की धरून ठेवणारी लॉक फाइल, आणि हिरव्या अक्षरांत यशाची दवंडी. उभं काय राहिलं? काहीच नाही. ते काम ‘अप्लाय’चं.

आम्हा नगरकरांना यात नवल नाही. नगर-बीड-परळी रेल्वे, २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ची. आष्टीपर्यंतच्या ६६ किलोमीटरवर गाडी धावली २०२२ मध्ये. मधली सत्तावीस वर्षं इनिट चालू होतं म्हणायचं.

“आणि नाव बदललं तर?” मी विचारलं. २०२४ मध्ये जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, म्हणून.

“मामा, कोडात नुसतं नाव बदललं तर टेराफॉर्म जुनं पाडून नवं बांधायला निघतो. आधी ‘मूव्ह्ड’ लिहून बजावावं लागतं.”

एसटीचा कंडक्टर अजून ‘नगर, नगर’च ओरडतो. तो बिचारा जुन्याच लॉक फाइलवर चाललाय.