खुर्ची : अर्ज, पात्रता आणि आसनविधी

परदेशी निघालेल्या आईवडिलांसाठी विमानतळावर व्हीलचेअर मिळवणे सोपे असते. विमान कंपनीला कळवले की झाले. अवघड असते ते वडिलांना कळवणे. म्हणून प्रस्तुत मार्गदर्शनाचा आरंभ विमानतळावर न करता पुण्यातल्या दिवाणखान्यात करणे क्रमप्राप्त आहे.

मुलाने न्यू जर्सीहून फोनवर थेट विषय काढू नये. काढल्यास 'मला काय धाड भरलीय?' हे पहिले उत्तर येते, 'रोज पर्वती चढतो मी' हे दुसरे, आणि 'तुझ्या आईला हवी तर सांग' हे तिसरे. या तिसऱ्या उत्तराची नोंद घ्यावी, कारण वाट तिथूनच जाते. गुडघ्यांच्या बाबतीत आई प्रामाणिक असते. तिची खुर्ची पक्की करून दोन दिवस गप्प बसावे. मग सहज सांगावे, ''बाबा, खुर्ची ढकलणारा माणूस फार भरभर चालतो. आई पुढे जाईल, तुम्ही मागे राहाल, आणि पासपोर्टची फाईल तुमच्याकडे.'' फाईल हा बाबांचा हळवा कोपरा असतो. तिच्यात परतीच्या तिकिटाच्या तीन झेरॉक्स असतात, दोन कोणासाठी ते त्यांनाच ठाऊक. तरीही बधले नाहीत तर राखून ठेवलेले अस्त्र सोडावे, ''फुकट असते हो.'' हे खरे आहे. अपंग किंवा चालायला त्रास असलेल्या प्रवाशाकडून या मदतीचे पैसे घेता येत नाहीत, असा कायदा अमेरिकेतही आहे आणि युरोपातही. पर्वती चढणारे गुडघे त्याच संध्याकाळी कुरकुरू लागतात.

आता पात्रता. विमान व्यवसायाने मनुष्यमात्राच्या पायांचे तीन वर्ग केले आहेत. लांबवर चालवत नाही पण जिना चढता येतो, तो डब्ल्यूसीएचआर. जिनाही जमत नाही पण विमानात आपल्या सीटपर्यंत जाता येते, तो डब्ल्यूसीएचएस. सीटपर्यंतही ज्याला न्यावे लागते, तो डब्ल्यूसीएचसी. मुलगा प्रेमापोटी यातला सर्वांत भारी दिसतो तो वर्ग निवडतो. मग कंपनी वैद्यकीय फॉर्म मागू शकते, आणि विमानाच्या दाराशी पट्टे लावलेली अरुंद खुर्ची घेऊन दोन धिप्पाड माणसे उभी राहतात. त्यांच्यासमोरून बाबा हातात दोन पिशव्या घेऊन तरातरा आत जातात. मराठी आईवडिलांपैकी बहुतेक पहिल्या वर्गात बसतात. तिकिटाच्या बाबतीत तो योग आयुष्यात येत नाही, म्हणून इथे तरी घ्यावा.

उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी कळवावे. तिकिटावर दोन कंपन्या असतील तर दोघींनाही विचारून खात्री करावी, कारण फ्रँकफर्टपर्यंत पोचलेला निरोप शिकागोपर्यंत पोचलाच असेल असे नाही. आणि निघायच्या दिवशी चेक-इनच्या खिडकीवर पुन्हा एकदा तोंडाने सांगावे. संगणकात आहे म्हणजे माणसाला माहीत आहे, असे समजू नये.

आसनविधी हा या शास्त्राचा गाभा होय. खुर्चीत बसलेल्याने उठू नये, एवढेच सूत्र आहे, पण ते पाळणे कठीण. ड्यूटी फ्रीत चॉकलेटवर सवलत दिसते, आणि आई उठते. बाटलीत पाणी भरायचे असते, बाबा उठतात. ढकलणारा तरुण हे रोज पाहतो आणि काही बोलत नाही. त्याच्या न बोलण्याचा अर्थ घ्यावा. सुरक्षा तपासणीत मात्र तोंड उघडावे. बदललेल्या गुडघ्यात धातू आहे, हे यंत्र वाजण्याआधी सांगावे, वाजल्यावर नव्हे.

गेटजवळ सात-आठ खुर्च्या एका रांगेत लावून तो तरुण दुसऱ्या कुणाला आणायला जातो. घाबरू नये. शेजारच्या खुर्चीतल्या काकू चिंचवडच्या असतात. ''मुलगा कुठे असतो तुमचा?'' इथून सुरू झालेले बोलणे गुडघ्याचे ऑपरेशन कोणत्या डॉक्टरांकडे केले इथपर्यंत जाते आणि दहाव्या मिनिटाला चुलत नाते निघते. फलकावरच्या वेळेकडे मात्र दोघांपैकी एकाने लक्ष ठेवावे.

विमानात खुर्चीवाले सहसा सर्वांत आधी चढतात आणि सर्वांत शेवटी उतरतात. चाके टेकल्याबरोबर वरच्या कप्प्यातली बॅग काढून उभे राहणे हे आपल्या रक्तात आहे. ते आवरावे. अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचे काय आणले आहे असे विचारतील, तेव्हा चकली आणि मेतकूट आहे असे खरे सांगावे. खुर्ची ढकलणाऱ्याला पाच-दहा डॉलर देण्याची तिकडे रीत आहे. बाबा ती रक्कम रुपयांनी गुणतील. गुणू द्यावे आणि डॉलर आईकडे ठेवावेत. सामानाच्या पट्ट्यावरून २३ किलोची बॅग बाबांनी एका झटक्यात उचलू नये, निदान ढकलणाऱ्या माणसासमोर तरी नाही.

आता गंमत बाजूला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून एक वृद्ध जोडपे मुंबईला उतरले. दोघांसाठी खुर्च्या सांगितलेल्या होत्या, आली एकच. तिच्यात पत्नी बसली आणि ऐंशी वर्षांचे पती मागून चालत निघाले. इमिग्रेशनपाशी ते कोसळले आणि दगावले. दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबायला सांगितले होते, असे विमान कंपनीचे म्हणणे होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला ३० लाख रुपये दंड केला.

खुर्च्या मोजक्या असतात, आणि ज्यांचे पाय ठणठणीत आहेत अशांनीही त्या मागितलेल्या असतात. त्यांना भीती चालण्याची नसते, इंग्रजीची आणि गेट बदलण्याची असते. त्यांच्यासाठी 'मीट अँड असिस्ट' नावाची वेगळी सोय असते. त्यात एक माणूस सोबत चालतो, रस्ता दाखवतो, खुर्ची लागत नाही. काही ठिकाणी तिचे पैसे पडतात, ते मुलाने भरावेत. न्यू जर्सीत पगार डॉलरमध्येच मिळतो.

गुडघा खरेच दुखत असेल तर मात्र खुर्ची हक्काने मागा, बाबांचीही वेगळी मागा. आणि एकच आली तर दुसरी येईपर्यंत दोघेही जागचे हलू नका.